गालिचा चढला की वहिनी सुजते

गालिचा विणणाऱ्या हातांना डोळे नसतात, असं त्या कारखान्यात म्हणत. डोळे सगळे भिंतीशी, एका उंच खुर्चीवर बसलेले असत, मांडीवर नक्षीचा कागद पसरून. खाली सहा माग, मागांपुढं बारा बाया. समोर उभा ताणा, बोटांत लोकर, कमरेला कात्री. कुठली गाठ कुठल्या रंगाची हे खुर्चीवरून सांगितलं जाई, आणि तेही कोरडं नव्हे, चालीवर.

"दोन लाल गं, एक निळी,
तिच्या कुशीला एक पिवळी..."

बारा जणी एका दमात म्हणत, "बांधली!" ओळ पुरी झाली की दातेरी लोखंडी पंजानं ती ठोकून बसवायची, ठक ठक ठक, आणि पुढची ओळ. सहाही मागांवर नक्षी एकच, म्हणून सहा गालिचे एकदम चढत, चार महिने वाढत आणि एकदम उतरत.

खुर्चीवर बसायची ती वहिनी. तशी ती एकाच बाईची वहिनी, दुसऱ्या मागावरच्या तिच्या नणंदेची. पण नणंद दिवसातून शंभरदा "वहिनी, ए वहिनी" करायची, तेव्हा बाकीच्या अकरा जणींनी, मालकांनी आणि लोकरीचे गठ्ठे आणून टाकणाऱ्या गाडीवाल्यानंसुद्धा तेच नाव उचललं. नणंद तिच्याहून दोन वर्षांनी धाकटी. पण 'वन्सं' म्हटलं की धाकटीही थोरली होते, आणि हळूहळू थोरलीसारखी बोलायलाही लागते.

वीस वर्षं वहिनी सांगत आली होती. कागदावरच्या चौकटी वाचता वाचता तिच्या तोंडून आपसूक जुळत जायचं. एखादीचा हात मागं पडला की ओळीतच चिमटा यायचा.

"चार हिरव्या गं, एक काळी,
वन्सं आमच्या जांभईवाली!"

"बांधली!" म्हणता म्हणता अकरा जणी फिदीफिदी हसायच्या आणि बारावी फणकारायची, "अगं, रात्रभर तुझ्या नवऱ्याचं घोरणं ऐकते मी भिंतीपलीकडून, जांभई येणार नाही तर काय कोंब येणार?"

खुर्चीच्या रुंद हातावर वहिनीची अवजारं असत. चालू ओळीखाली धरायची लाकडी पट्टी, चष्मा, आणि ज्येष्ठमधाच्या काड्यांची वाटी. गळ्यावर पोट असणाऱ्या माणसाला घसा ओला ठेवावाच लागतो. एक काडी कायम तिच्या गालात असायची. कुणाशी बोलायचं झालं की ती काढून कानामागं खोचायची, जसा सुतार पेन्सिल खोचतो. दोन वर्षांमागं मालकांनी मधली भिंत पाडून तीन मागांचे सहा केले, तेव्हापासून आवाज लांब फेकावा लागे, आणि काड्याही जास्त लागत. बाया येता-जाता वाटी भरून ठेवायच्या. नणंद तर त्याच काड्या उकळून थर्मास भरून आणायची. त्याला सगळ्या जणी म्हणायच्या 'वहिनीचं पाणी'.

आणि याच दोन वर्षांत वहिनी सुजायला लागली.

आधी चेहरा. सकाळी आरशात बघावं तर डोळ्यांखाली दोन उशा. मग पाय. संध्याकाळी चपलेचा पट्टा कातडीत रुतून बसे, आणि घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडे. तो खळगा भरून यायला किती वेळ लागतो तेही तिनं मोजलं होतं. दोन लाल, एक निळी, तीन पांढऱ्या, इतका. सुजेचं एक वेळ चालवून घेतलं असतं, पण थकवा! जिना चढताना पाय भिजलेल्या लोकरीसारखे जड व्हायचे. नक्षीचा कागद उचलताना हात थरथरायचा. दमलं की आवाज बसायचा, आवाज बसला की ती आणखी एक काडी तोंडात टाकायची.

मजा अशी, की गालिचे मागावरून उतरले की वहिनीही उतरायची. नवा ताणा भरायला तीन-चार आठवडे लागत. तेव्हा सांगायचं काम नसे. ती घरच्या टेबलावर पुढची नक्षी रंगवत बसे, आणि बघता बघता तिचे घोटे पुन्हा दिसायला लागत. नवे गालिचे चढले की दोन-तीन आठवड्यांत पुन्हा उशा, पुन्हा खळगे.

तिचा नवरा रंगारी. कारखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो कढयांत लोकर रंगवायचा. तो म्हणाला, "एकीकडून गालिचा वाढतो, दुसरीकडून तू. मालकांना सांगतो, दोन्हींचा भाव एकदमच लावा."

"थट्टा करू नका हो," वहिनी म्हणाली. पण हसलीही.

नणंद मात्र हसली नाही. "वहिनी, डॉक्टरकडे चल."

"बघू पुढच्या आठवड्यात."

"हा तुझा पुढचा आठवडा दीड वर्षाचा झालाय. पावलं टाकायला लागला असेल आता."

वहिनी का टाळत होती हे फक्त तिलाच ठाऊक होतं. काम बंद की सूज बंद, हे गणित तिला दिसत होतं, ते डॉक्टरला दिसायला कितीसा वेळ लागणार? डॉक्टर म्हणेल, काम सोडा, खुर्ची सोडा, घरी बसा. मालकांचा जीव चांगला. तिची दमछाक बघून त्यांनी आवाज भरून ठेवायचं एक यंत्रही आणलं होतं. "वहिनी, तुमच्या ओळी यात भरून ठेवू. तुम्ही आराम करा, यंत्र सांगेल," असं ते मायेनंच म्हणाले होते. वहिनीला मात्र वाटलं, जिवंतपणी आपला फोटो भिंतीवर लागला. खुर्चीवरून उतरली की आपण कोण? रंगाऱ्याची बायको आणि वन्संची वहिनी. दोन्ही नाती गोडच होती, पण त्यांना चाल नव्हती.

शेवटी एके दिवशी नणंदेनं तिची चप्पल आणि स्वतःची पर्स दोन्ही दाराशी आणून ठेवली. "आज तू येणार नसलीस तर मी एकटी जाते, आणि तुझी दुखणी माझी म्हणून सांगते. मग माझ्यावर उपचार झाले तर म्हणू नकोस."

डॉक्टरबाई वयानं लहानशा, पण नजरेनं जुन्या. खोलीत एक तपासायचं टेबल, एक वजनकाटा, आणि खिडकीत एक सुकत चाललेलं रोप. वहिनीनं आत शिरतानाच तोंडातली काडी काढून कानामागं, केसांत नीट दडवली. मोठ्या माणसापुढं तोंडात काही ठेवून बोलू नये, एवढी रीत तिला होती.

डॉक्टरबाईंनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आणि भुवया उंचावल्या. "रक्तदाब बराच आहे." घोटा दाबला, खळगा पडला. दोघी तो खळगा भरून यायची वाट बघत राहिल्या.

"तीन पांढऱ्या," वहिनी पुटपुटली.

"काय म्हणालात?"

"काही नाही. आता भरेल."

"औषधं कुठली घेता?"

"एकही नाही."

"काढे, चूर्णं, मुळ्या?"

"छे हो. मला औषधांचा तिटकारा आहे."

"मीठ?"

"वर्षभर अळणी खाते. घरचे सगळे माझ्यामुळे अळणी झालेत."

"पाणी पिता का पुरेसं?"

"भरपूर!" नणंद मध्येच बोलली. "मी स्वतः देते. थर्मासमधून, गरम. कामावर दिवसभर दुसरं काही पीतच नाही ती."

"छान," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी ते लिहून घेतलं. "सूज कधी येते, कधी जाते, काही लक्षात आलंय?"

वहिनीनं खिडकीतल्या रोपाकडे पाहिलं. "नाही बाई. येते तशी जाते."

नणंदेनं मान वळवून तिच्याकडे टक लावून पाहिलं. पण तेवढ्यात डॉक्टरबाईंनी रक्ताच्या चाचण्यांचा कागद पुढं केला, आणि तो विषय तिथंच राहिला.

आठवड्यानं दोघी पुन्हा त्याच खोलीत. डॉक्टरबाईंनी अहवाल टेबलावर मांडले. हृदय ठीक. मूत्रपिंडं ठीक. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी ठीक. वहिनीचा चेहरा एकेका 'ठीक'बरोबर उजळत गेला.

"एकच गोष्ट बसत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पोटॅशियम नावाचा एक क्षार असतो रक्तात. स्नायूंची ताकद त्यावर चालते. तो तुमच्या अंगात फार कमी आहे. तुमचा थकवा त्यानंच. पण तो जातोय कुठं, ते कळत नाही. नीट आठवून सांगा, सूज केव्हा येते?"

"म्हटलं ना, येते तशी..."

"गालिचा चढला की येते!" नणंदेला आणखी धीर धरवेना. "आणि उतरला की जाते. दोन वर्षं बघतेय मी. हिला वाटतं मला दिसत नाही. अगं, मी गाठी मारते, डोळे काही मिटून ठेवलेले नाहीत मी!"

"वन्सं!"

"नाही, ओरड. घरी जाऊन काय ओरडायचं ते ओरड. पण तू गेलीस तर मला ओरडायला कोण आहे दुसरं?"

हे वाक्य तिच्या तोंडून निसटलं. नणंद पर्सचा बंद उघडत राहिली, लावत राहिली. वहिनीनं तिच्या हातावर हात ठेवला. सुजलेला, ऊबदार.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "मला तुमचं काम बघायचंय. रंग, लोकरीची धूळ, बसायची पद्धत, सगळं. उद्या आले तर चालेल?"

घराच्या दारात वहिनी म्हणाली, "उद्या माझी खुर्ची जाणार. तुम्ही घालवलीत, वन्सं."

"जाऊ दे. खुर्ची काय, दुसरी मिळेल. वहिनी दुसरी कुठून आणू?"

ती रुसून बसली, पण रुसवाही फार टिकला नाही. तिच्या मनात एक बेत शिजायला लागला होता. उद्या असं सांगायचं, असं सांगायचं, की ही बाई आजारी आहे असं म्हणायची डॉक्टरची जीभच उचलू नये.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात लग्नघरासारखी गडबड. मालकांनी खिडकीच्या काचा पुसून घेतल्या. रंगाऱ्यानं हात चार वेळा धुतले, तरी ते कोपरापर्यंत निळेच राहिले. वाटीत बायांनी काड्यांची रास केली, कारण आज वहिनीला गळा लागणार होता. नणंदेनं एकाऐवजी दोन थर्मास आणले. आणि आज वहिनी रंगात येणार हे ओळखून मालकांनी आपलं यंत्र हळूच खिडकीत चालू करून ठेवलं.

डॉक्टरबाई आल्या. शेडमध्ये जाऊन त्यांनी कढया हुंगल्या, लोकर हातात घेतली, खुर्चीची उंची पाहिली, वहीत काहीबाही लिहिलं. मग एका स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही चालू ठेवा."

वहिनीनं पट्टी ओळीखाली सरकवली, काडी गालात सरकवली, आणि सुरू केलं. वीस वर्षांत अशी सांगणी कुणी ऐकली नव्हती.

"पाच पांढऱ्या, एक राखी,
डॉक्टर आल्या, नीट बांध सखी!
एक लाल गं, दोन निळ्या,
फसवील कोण यांना खुळ्या?"

"बांधली!" बारा जणी गर्जल्या. पंजे ठोकले, ठक ठक ठक. डॉक्टरबाईंचा पाय आपोआप ताल धरायला लागला. त्या वही मिटून नुसत्या ऐकत राहिल्या. काठाच्या वेलीची पानं गाठीगाठीनं उमलत होती. वहिनीच्या तोंडून रंग निघत होते आणि बारा जोड हातांतून खाली उतरत होते. रंगारी दारात उभा राहून बायकोकडे असा बघत होता, जशी काही ती आजच त्याच्या घरी आलीय.

ओळीमागून ओळ गेली. आणि मग डॉक्टरबाईंचा पाय थांबला.

वहिनीनं चघळून चोथा झालेली काडी थुंकदाणीत टाकली होती आणि वाटीतून नवी उचलली होती. डॉक्टरबाईंनी वही उघडली. थोड्या वेळानं आणखी एक. मग नणंद उठून कपभर गरम पाणी देऊन आली. मग आणखी एक काडी.

"तासाभरात चार," डॉक्टरबाई मोठ्यानं म्हणाल्या. सांगणं थांबलं. "तोंडात काय आहे ते?"

वहिनीनं घाईघाईनं काडी काढून कानामागं खोचली. "हे? काही नाही. काडी आहे."

"कसली?"

"ज्येष्ठमधाची. सांगायला लागते."

"आणि त्या थर्मासमध्ये?"

"वहिनीचं पाणी!" बारा जणी एका दमात म्हणाल्या. सवयच ती.

डॉक्टरबाई उठल्या, कपाचा वास घेतला, एक घोट चाखला, आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटत होतं आणि त्या ते दाबायचा प्रयत्न करत होत्या. "मी तुम्हाला विचारलं होतं. औषध घेता का? काढा घेता का? मुळी घेता का?"

"मग खरं तेच सांगितलं की," वहिनी गोंधळून म्हणाली. "हे कुठं औषध आहे? हे अवजार आहे. सुताराला विचारलंत काय काय खातोस, तर तो पटाशीचं नाव घेईल का?"

आता मात्र डॉक्टरबाईंचं हसू सुटलं. त्या स्टुलावर बसून इतक्या हसल्या, की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाया एकमेकींकडे बघत राहिल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. थोडा ज्येष्ठमध कधीमधी ठीक. पण रोज एवढा, महिनोनमहिने पोटात जात राहिला, तर शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. मग अंगावर सूज येते, रक्तदाब चढतो, हातापायांतलं बळ जातं. गालिचे उतरले की काड्या बंद, पाणी बंद; म्हणून बाईही उतरते. "तुमचं काम तुम्हाला सुजवत नाही. कामाची काडी सुजवते."

दुसऱ्या मागावरून कात्री खाली पडल्याचा आवाज झाला. नणंद पांढरीफटक झाली होती. "म्हणजे मी... थर्मास भरभरून... मीच?"

वहिनी खुर्चीवरून उतरली, जड पायांनी तिच्यापाशी गेली आणि तिची हनुवटी धरून म्हणाली, "नणंदा भावजयीला छळतात असं ऐकलं होतं बाई. पण इतक्या गोड हातानं छळणारी माझ्याच नशिबी!"

नणंद रडत होती आणि हसतही होती. कुठलं कधी संपलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

मग वहिनी डॉक्टरबाईंकडे वळली. दोन वर्षं गिळलेला प्रश्न शेवटी ओठांवर आला. "म्हणजे खुर्ची सोडू?"

"खुर्ची कशाला? काडी सोडा."

"सोडली!" बारा जणी गर्जल्या. वहिनीला उत्तर द्यायची संधीच मिळाली नाही. बाजूला मालक स्वतःशीच पुटपुटले, "यंत्र परत घेतील का दुकानात?"

सगळं इथंच आटोपलं असतं तर बरं होतं. पण वीस वर्षांची सवय अशी एका गर्जनेत सुटते होय! वहिनीला मनातून खात्री होती, की आवाज तिचा नाहीच, तो काडीचा आहे. आणि पहिल्या दिवशी झालंही तसंच. साधं पाणी पीत पीत तिनं आठ ओळी सांगितल्या, नवव्या ओळीला 'निळी' म्हणायला गेली आणि घशातून निघाला तो बिजागरीचा आवाज. दहाव्या ओळीला तोही नाही.

मालक अवघडून म्हणाले, "दोन दिवस गळ्याला आराम द्या. काठाची वेल पुन्हा तीच आलीय. त्या दिवशीच्या ओळी यंत्रात आहेत. चालवून बघू?"

वहिनीनं मान डोलावली. दुसरं करणार काय! खुर्चीवर यंत्र ठेवलं गेलं, आणि ती बाजूच्या बाकावर बसली, हात मांडीवर ठेवून, स्टेशनावर गाडी चुकलेल्या माणसासारखी.

यंत्र खणखणीत सांगायला लागलं. चार ओळी छान गेल्या. पाचव्या ओळीत तिसऱ्या मागावरचा धागा तुटला. "थांब गं," तिथली बाई म्हणाली. यंत्र कसलं थांबतंय! "एक लाल गं, दोन निळ्या..." "अगं थांब म्हणते ना!" "फसवील कोण यांना खुळ्या?" सगळ्या जणी एकदम ओरडायला लागल्या, मालक दिसेल ते बटण दाबायला लागले, आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढला, सांगणं तासभर पुढं उडालं, आणि भर गोंधळात यंत्रातून डॉक्टरबाईंनी विचारलं, "तोंडात काय आहे ते?"

बारा जणी ताण्यांवर कपाळ टेकून हसल्या. मालकसुद्धा हसले. फक्त वहिनी हसली नाही. ती उठून यंत्राकडे गेली आणि सापडलं ते बटण दाबून तिनं ते गप्प केलं.

"यातल्या वहिनीला थांबता येत नाही," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आणि मला बोलता येत नाही. आता काय करायचं?"

एवढ्यात रंगारी लोकरीचा भारा घेऊन आत आला. भारा खाली टाकून तो म्हणाला, "इतक्या लांब बसतेस कशाला? मी रंग बघायचा तर नाक कढईत घालतो. लांबून कुणाला काय कळतं?"

"खुर्ची वीस वर्षं तिथंच आहे हो."

"त्यातली अठरा वर्षं इथं तीनच माग होते."

मग नणंद उठली. तिनं खुर्चीचा एक पाय धरला, रंगाऱ्यानं दुसरा, आणि फरशीवर करकर वाजत ती उंच खुर्ची भिंतीपासून सुटली. मागांच्या दोन रांगांमधल्या वाटेत, मधोमध, तिला बसवलं. मग नणंदेनं घरून करवत आणली आणि खुर्चीचे पाय वीतभर कापायला घेतले. "आता उंच कशाला हवी? आम्ही सगळ्या हाताच्या अंतरावर आहोत. टपली मारायची तरी पोचेल."

वहिनी बसली. दोन्ही बाजूंना सहा सहा पाठी, इतक्या जवळ की केसांतले लोकरीचे तुकडे दिसावेत. तिनं पट्टी ओळीखाली धरली आणि नुसती बोलली, शेजारणीशी कुंपणावरून बोलावं तशी.

"दोन लाल... एक निळी..."

"बांधली," बारा जणी तितक्याच हळू म्हणाल्या.

आवाज टिकला. त्या दिवशी वीस ओळी टिकला, आठवड्यानं दिवसभर. तो आता घंटेसारखा राहिला नव्हता. जरा खरखरीत झाला होता, लोकरीचाच म्हणा ना. पण आपला होता.

डॉक्टरबाईंनी पोटॅशियमचं औषध दिलं होतं, आणि त्याबरोबर अंगात साठलेलं पाणी बाहेर पडायला लागलं. पहिले काही दिवस वहिनी दर अर्ध्या तासानं खुर्चीवरून उठून धावायची, आणि बारा जणी पाय आवरून तिला वाट द्यायच्या. "गेली गं, वहिनीचं पाणी गेलं!" तिसऱ्या आठवड्यात रंगाऱ्यानं सकाळी चहा पिता पिता तिच्याकडे निरखून पाहिलं आणि कप खाली ठेवला. "हिला मी ओळखतो," तो म्हणाला. "कुठंतरी बघितलंय." गालिचे अजून मागांवरच होते, छातीएवढे चढलेले, आणि वहिनी जिन्याच्या पायऱ्या मोजत नव्हती.

डॉक्टरबाईंनी पुन्हा पट्टा बांधला, पुन्हा घोटा दाबला. खळगा पडला नाही. रक्तात क्षार जागेवर आला होता. "महिन्यानं परत दाखवा," त्या म्हणाल्या, आणि मग जरा लाजत, "नाहीतर मीच येईन तिकडे. ऐकायला."

तक्रार आता एकीचीच होती, नणंदेची. वहिनी हळू सांगते म्हणून सगळ्यांनी गप्प बसायचं, आणि गप्प बसायचं म्हणून शेजारच्या मागावरचीला काल काय झालं ते सांगायची सोय नाही.

"बोलायची चोरी झालीय नुसती," ती पंजा आपटत कुरकुरली. "कारखाना आहे का वाचनालय?"

वहिनीनं कागदावरून नजर उचलली नाही. पट्टी एक घर खाली सरकवली.

"तीन पांढऱ्या गं, एक जांभळी,
बोलून बोलून वन्सं भागली..."

"यमक जुळलं नाही!" नणंद ओरडली.

"तुम्ही गप्प बसलात तर जुळेल."

आधी पहिल्या मागावरून हसू फुटलं, मग चौथ्यावरून, मग सगळीकडून. ताणे थरथरायला लागले. हसता हसता कुणाच्या दोन जांभळ्या पडल्या, कुणाची पांढरी सुटली, आणि नणंदेनं तर सगळी ओळ हिरवी करून ठेवली होती. सहाही मागांवरची ती ओळ उसवावी लागली. वहिनीनं चष्मा काढून डोळे पुसले, पट्टी पुन्हा वर नेली, आणि सगळ्या श्वास घेऊन स्वस्थ होईपर्यंत त्यांची वाट बघत थांबली.